साके आणि चाकांची पिकदाणी

आमचे कलकत्त्यातल्या डमडमचे घरमालक पातळ पदार्थ तोंडात घ्यायचे, पण पोटात जाऊ द्यायचे नाहीत. पाणी आणि तीर्थ सोडलं तर बाकी सगळं, म्हणजे चहा, कॉफी, ताक, सरबत, लोकांच्या लग्नातली बासुंदी, ते एक मोठा फुर्रर्र आवाज करून ओढायचे, गालांतून दोनदा फिरवायचे, डोळे बारीक करायचे आणि थुंकून टाकायचे. तीर्थ गिळायचे, पण कापूर जुना आहे हे भटजींना सुनावल्याशिवाय नाही.

हे वेड नव्हतं, नोकरी होती. डलहौसीतल्या एका चहाच्या पेढीत त्यांनी चौतीस वर्षं चहा चाखला. लांबलचक टेबलावर पांढऱ्या वाट्यांची रांग, प्रत्येकीत वेगळ्या मळ्याचा चहा, हातात चमचा आणि त्यांच्या उजव्या हाताला, त्यांच्याबरोबर टेबलाच्या कडेने सरकणारी कमरेएवढी उंच, चाकांची पिकदाणी. एका सकाळी दोन-दोनशे वाट्या व्हायच्या. तेवढा चहा गिळणारा माणूस दुपारपर्यंत आडवा होईल, म्हणून थुंकायचं. नोकरी सोडताना त्यांनी पेढीकडे एकच वस्तू मागितली, ती म्हणजे ही पिकदाणी. मी पाहिली तेव्हा ती त्यांच्या बैठकीत, इतर लोक जिथे फुलदाणी ठेवतात तिथे, ब्रासो लावून चकचकीत उभी होती. मी तिला नमस्कार करणार होतो. बायकोने कोपर मारलं म्हणून वाचलो.

आता आम्ही पुण्याला परत आलोय. इथे लोक मला साके या तांदळाच्या जपानी दारूतला जाणकार समजतात, आणि हा गैरसमज मी स्वतः कष्ट घेऊन पसरवलेला आहे. त्यामुळे खऱ्या जाणकाराबद्दल एकदा तरी लिहायला हवं असं फार दिवस मनात होतं.

घर भाड्याने देण्याआधी काकांनी आमची मुलाखत घेतली. तेव्हा आम्ही त्यांना लगेच काका म्हणायला लागलो, कारण परमुलखात मराठी बोलणारा घरमालक मिळणं म्हणजे चैन होती. त्यांचे आजोबा रत्नागिरीकडून आलेले. बागबाजारात राहायचे. "मराठे शहरात घुसू नयेत म्हणून इंग्रजांनी खंदक खणायला जिथून सुरुवात केली, तिथेच आजोबांनी खोली घेतली," काका सांगायचे. "खंदक कधीच बुजला होता. अडवलं कुणी नाही." एवढं सांगून ते माझ्याजवळ आले, माझ्या शर्टाचा वास घेतला आणि म्हणाले, "हे जे फवारून येता ते बंद करावं लागेल."

अटी तीन होत्या. सकाळी अकरापर्यंत फोडणी नाही, उदबत्ती नाही, फिनेल नाही. नोकरी सुटून पंधरा वर्षं झाली तरी जुने मित्र त्यांना चहाचे नमुने पाठवायचे आणि रोज सकाळी दहाला सहा वाट्या मांडून काका कामावर बसायचे. वास वरून खाली येतो, असं त्यांचं म्हणणं. आम्ही वरच्या मजल्यावर राहणार होतो.

"मग पोहे कधी करायचे?" बायकोने विचारलं.

"अकरानंतर."

ती हसली. तिला वाटलं, गंमत करतायत. पुढे चार वर्षं मी ऑफिसला दहीपोहे खाऊन गेलो.

राहायला गेलो त्या दिवशी तिने मोठ्या प्रेमाने आलं घालून चहा केला आणि काकांना वर बोलावलं. काकांनी फुर्रर्र केलं. गाल फिरले. मग शांतपणे उठून बेसिनपाशी गेले, परत आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "दूध चांगलं आहे."

बायकोने त्यानंतर सहा महिने त्यांना चहा विचारला नाही.

त्यांच्याकडे शेरे तीनच. वाईट असेल तर बंगालीतलं 'बाजे'. बरं असेल तर 'चालेल'. आणि उत्तम असेल तर नुसतं 'आहे'. हा शेवटचा शेरा मी चार वर्षांत फार थोड्या वेळा ऐकला. एकदा नमुन्याच्या पुडीतल्या दार्जिलिंगला, एकदा समोरच्या बंगाली वहिनींच्या नव्या गुळाच्या खिरीला. वहिनी त्या दिवशी रडल्या होत्या म्हणतात. ती खीरही थुंकलेलीच होती, पण 'आहे' म्हणाल्यावर थुंकण्याचं कुणाला वाईट वाटत नसे.

आता माझ्याविषयी. आमच्या कंपनीचं एका जपानी कंपनीशी जुळलं होतं. मला पाच दिवसांच्या प्रशिक्षणाला ओसाकाला पाठवलं. शेवटच्या संध्याकाळी आम्हाला साकेच्या दुकानात नेलं आणि पाच चिमुकल्या कपांतून पाच प्रकार दिले. माझं साकेचं शिक्षण ते एवढंच. पण परत आल्यावर अडचण अशी झाली, की आमच्या ऑफिसात प्रत्येक माणूस कशातला तरी दर्दी. एक जण इलिश माशावर अर्धा तास बोलायचा, दुसरा संदेश या मिठाईवर. मला बोलायला काही नव्हतं. एका दुपारी मी सहज म्हणालो, "साकेत खरी मजा दाईगिंजोमध्ये असते." टेबल गप्प झालं. ती शांतता मला इतकी आवडली, की मी घरी जाऊन दोन तासांचा व्हिडिओ पाहिला आणि दुसऱ्या दिवसापासून जाणकार झालो.

दाईगिंजो म्हणजे तांदळाचा दाणा घासून घासून अर्धा किंवा त्याहून कमी उरवतात आणि त्या गाभ्याची साके करतात ती. हे वाक्य मी आयुष्यात किमान दोनशे वेळा बोललो असेन.

मग ओसाकाहून आमचे वयस्कर जपानी साहेब कलकत्त्याला आले आणि जाताना मला एक लाकडी पेटी देऊन गेले. आत फिकट निळ्या काचेची बाटली, त्यांच्या सख्ख्या भावाच्या भट्टीतली, आणि दोन पांढरे कप. कपांच्या तळाला निळ्या रंगाची दोन वर्तुळं, एकात एक. साके किती नितळ आहे ते त्या वर्तुळांवरून बघतात. बाटलीच्या गळ्यावर एक लाल चिकटपट्टी होती आणि तिच्यावर जपानीत काहीतरी होतं. मी सगळ्यांना सांगितलं, पुरस्कार मिळालेली आहे.

ही बाटली मी उघडली नाही. आमच्या घरात चांगली वस्तू वापरायची नसते, ठेवायची असते. लग्नात आलेला बारा कपांचा सेट नऊ वर्षं शोकेसमध्ये होता, आणि पाहुण्यांना आम्ही कान तुटलेल्या मगांतून चहा देत होतो. त्याच शोकेसमध्ये, मधल्या कप्प्यात, लाल पट्टी पुढे करून मी बाटली उभी केली. ती उठून दिसावी म्हणून मागे एक छोटा दिवा बसवला. शोकेस पश्चिमेच्या खिडकीसमोर होतं. साहेब परत येतील तेव्हा त्यांच्यासमोरच उघडायची, असं मी ठरवलं. साहेब दोन वर्षांनी आले. मध्ये डमडमचे दोन उन्हाळे गेले.

गळका नळ बघायला काका एकदा वर आले होते, तेव्हा ते शोकेससमोर थांबले. मी लगेच माझं वाक्य म्हणून दाखवलं.

"म्हणजे तांदूळ सडतात," काका म्हणाले. "माझी आजी दोनदा सडायची. हे लोक अर्धा दाणा काढून टाकतात?"

"अर्ध्याहून जास्त!" मी अशा थाटात म्हणालो, जणू मीच बसून घासला होता.

"आणि काढलेल्या पिठाचं काय करतात?"

मला माहीत नव्हतं.

"म्हणजे अर्ध्या तांदळाचं तुम्हाला माहीतच नाही," ते म्हणाले. मग बाटलीकडे बोट केलं. "उन्हात का ठेवलीय?"

"मुरतेय."

"मुरायला लोणचं आहे का ते?"

"अहो काका, व्हिस्की जितकी जुनी..."

"व्हिस्की लाकडात मुरते. काचेत काय मुरणार? उन्हात वस्तू बिघडते, वरचे. चहा मी कधी काचेच्या बरणीत ठेवू दिला नाही." मला ते 'वरचे' म्हणायचे. चार वर्षांत नावाने हाक मारल्याचं आठवत नाही.

ते गेल्यावर मी बायकोला म्हणालो, "म्हातारा चहातला आहे गं. साकेचं त्याला काय कळणार!" हे वाक्य ती मला अजून वर्षातून दोनदा ऐकवते.

मग ती बातमी आली. साहेब पुन्हा येणार होते आणि आमच्यातल्या एकाला दोन वर्षांसाठी ओसाकाला नेणार होते. मला ती जागा हवी होती. नुसती हवी नव्हती, तिच्यासाठी मी तळमळत होतो. मनातल्या मनात मी ओसाकात भाड्याचं घरही बघून ठेवलं होतं. आमचे बॉस म्हणाले, "तू तर साकेतला तज्ज्ञ. जेवण तुझ्याच घरी ठेवू. तूच त्यांना चाखवून दाखव." आणि जाता जाता त्यांनी साहेबांना कळवूनही टाकलं, की याचे घरमालक मोठे टी टेस्टर आहेत. साहेबांचं उत्तर आलं: त्यांना अवश्य भेटायचं आहे.

आता दोन अडचणी होत्या. एक म्हणजे मला चाखता येत नव्हतं. दुसरं म्हणजे काकांना खोटं बोलता येत नव्हतं.

पहिल्यावर उपाय म्हणून मी काकांकडेच शिकवणी लावली. रोज सकाळी दहाला, ऑफिसात उशीर होईल असं सांगून. पहिल्या दिवशी त्यांनी तीन वाट्यांत पाणी दिलं: नळाचं, फिल्टरचं आणि उकळून गार केलेलं. मी तिन्ही ओळखली, तिन्ही चुकीची. दुसऱ्या आठवड्यात पेज सुरू झाली. गोविंदभोग या बंगाली तांदळाची, बायकोने पुण्याहून आणलेल्या आंबेमोहोराची आणि उकड्या तांदळाची. तांदळाची दारू ओळखायची तर आधी तांदूळ ओळखा, असं त्यांचं साधं म्हणणं होतं. मी डोळे मिटून, मान डोलावून उकड्या तांदळाला गोविंदभोग म्हणालो. काकांनी तिन्ही वाट्या उचलून पुन्हा पहिल्यापासून मांडल्या.

मग मी वहीतून पाठ केलेले शब्द म्हणून दाखवले. खरबूज. नाशपाती. पांढरी फुलं.

"पांढरी म्हणजे कुठली? मोगरा? अनंत? तगर?"

"तगर," मी म्हणालो.

"तगरीला वास नसतो."

वैतागून मी विचारलं, "काका, तुम्ही कधी काही गिळतच नाही का? घरीसुद्धा?"

ते पिकदाणीच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. भिंतीवर काकूंचा फोटो होता. त्या आम्ही यायच्या आधीच गेल्या होत्या. "हिने चहा दिला की मी चाखायचो," ते म्हणाले. "सांगायचो, पाणी एक उकळी जास्त झालंय. झालेलंच असायचं. एकदा ही म्हणाली, अहो, एक दिवस गिळून तरी बघा. मी म्हटलं, गिळून काय वेगळं कळणार आहे?" एवढं बोलून त्यांनी वाट्या गोळा केल्या. मला फार वाईट वाटलं, आणि दुसऱ्याच क्षणी माझ्या जेवणाची काळजी सुरू झाली. मी असाच आहे.

कारण त्यांनी नोकरी कशी सोडली ते मला ठाऊक होतं. मालकाच्या व्याह्यांच्या मळ्यातून माल आला होता. त्याला ओल लागली होती. मालकांनी स्वतः टेबलापाशी येऊन सांगितलं, एवढ्या एकाला 'आहे' म्हणा. काकांनी वाटी उचलली, चाखलं, थुंकलं आणि 'बाजे' लिहिलं. मालक म्हणाले, पुन्हा चाखा. काकांनी पुन्हा चाखलं आणि पुन्हा तेच लिहिलं. संध्याकाळी ते पिकदाणी टॅक्सीच्या डिकीत घालून घरी आले. काकूंनी विचारलं, हे काय? तर म्हणाले, "काम घरी आणलंय." शब्द फिरवायचा नाही म्हणून नोकरीवर पाणी सोडणारा माणूस माझ्या अळूवड्यांच्या भिडेला पडेल, असं मानायला काही आधार नव्हता.

"त्यांना बोलावू नकोस," बायको म्हणाली.

"साहेबांना भेटायचंय त्यांना."

"मग बाटली उघडू नकोस."

हा सल्ला मी हसण्यावारी नेला. आदल्या दिवशी खाली गेलो.

"काका, उद्या एवढं करा. थुंकू नका."

"थुंकल्याशिवाय मला सांगता येत नाही."

"सांगूही नका."

"मग बोलावताय कशाला?" त्यांनी अगदी मनापासून विचारलं. "खराब निघाली तर मी खराबच म्हणणार, वरचे," ते म्हणाले. "त्यात तुमचा माझा प्रश्न नाही."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साहेब आले, बॉस आले. काका इस्त्रीचं धोतर नेसून वर आले आणि मी आधी त्यांचे हात बघितले. एक छोटी पितळी पिकदाणी ते कुठेही जेवायला जाताना पिशवीतून नेत. त्या दिवशी हात मोकळे होते. मला वाटलं, माझ्या विनंतीचा परिणाम. मी मनात स्वतःची पाठ थोपटली.

अळूवड्या झाल्या. मी शोकेस उघडलं. थंड द्यावी असं वाचलं असल्यामुळे बाटली दुपारी दोन तास फ्रीजमध्ये ठेवून परत शोकेसमध्ये उभी केली होती, कारण ती शोकेसमधून काढताना साहेबांनी बघायला हवी होती. दोन्ही हातांनी ती मी त्यांच्यापुढे धरली. साहेबांनी बाटली ओळखली. अंगठ्याने वळवून गळ्यावरची लाल पट्टी वाचली. मग माझ्याकडे बघितलं.

"टू इयर्स?" त्यांनी विचारलं.

"टू इयर्स!" मी छाती फुगवून म्हणालो. "तुमच्यासाठी. तिथेच ठेवली होती, रोज डोळ्यांसमोर."

साहेब कमरेत वाकले. मी त्यांच्याहून खाली वाकलो.

मी ओतली, साहेबांना आणि बॉसना त्या दोन कपांत, मला स्वतःला पेल्यात. कपाच्या तळाची निळी वर्तुळं हिरवट दिसायला लागली. "ही सोनेरी छटा बघा," मी बॉसना म्हणालो. "मुरल्यामुळे येते." मग घोट घेतला. खरं सांगायचं तर तोंडात काकवी, ओला पुठ्ठा आणि बंद ट्रंकेतली हवा एकदम शिरली. पण मला वाटलं, उच्च दर्जाची चव अशीच असणार, आपली जीभच खालच्या दर्जाची. मी डोळे मिटले आणि म्हणालो, "खरबूज. नाशपाती. शेवटी पांढरी फुलं." अनुभवाने शहाणा झाल्यामुळे फुलांचं नाव घेतलं नाही.

"वा," बॉस म्हणाले, आणि एका घोटानंतर आपल्या रक्तदाबाच्या गोळ्या चालू असल्याचं त्यांना आठवलं. साहेबांनी मात्र आपला कप सावकाश, शेवटपर्यंत संपवला. तो कप धुऊन पुसून त्यांनी स्वतः दोन्ही हातांनी बाटली धरून काकांसाठी ओतली. काकांनी तो दोन्ही हातांनी घेतला.

आधी त्यांनी वर्तुळांकडे पाहिलं. मग वास घेतला. त्यांची डावी भुवई वर गेली. शिकवणीच्या महिन्यात ती भुवई मी पुष्कळ वेळा पाहिली होती. ती वर गेली की 'बाजे' ठरलेलं. ओसाकातलं ते घर डोळ्यांसमोरून गेलं. बायकोने वाढायचा चमचा तसाच हवेत धरला होता.

फुर्रर्र. साहेब दचकले. गाल एकदा फिरले, दुसऱ्यांदा फिरले. काकांचा उजवा हात सवयीने बाजूला गेला, जिथे चौतीस वर्षं पिकदाणी असायची तिथे, आणि मोकळ्या हवेत थांबला. त्यांनी साहेबांकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. आणि त्यांचा कंठमणी वर जाऊन खाली आला.

त्यांनी गिळली होती.

"आहे," काका म्हणाले.

"म्हणजे काय?" बॉसनी विचारलं. मी म्हणालो, "एक्सलंट म्हणतायत. यापुढे त्यांच्याकडे शेरा नाही." साहेब उठले आणि काकांपुढे वाकले, माझ्यापुढे वाकले होते त्याहून बराच वेळ. मग बॉसनी सोडलेला कप साहेबांनी घेतला आणि ते दोघे म्हातारे, एकमेकांची भाषा न समजता, एकमेकांचा कप भरत राहिले. मी मध्ये मध्ये नाशपातीची आठवण करून देत होतो. माझ्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. तळाला चार बोटं उरली, ती मी परत शोकेसमध्ये ठेवली.

पुढचे काही महिने मी हवेत होतो. ज्या माणसाने बायकोचा चहा कधी गिळला नाही, मालकाला भीक घातली नाही, तो माझी साके गिळतो आणि 'आहे' म्हणतो! ही गोष्ट मी ऑफिसात, मेट्रोत, फोनवर आईला, सगळ्यांना सांगितली. ओसाकाची जागा आमच्या एका सहकाऱ्याला मिळाली, जो तीन वर्षं गुपचूप रविवारी जपानी शिकत होता आणि ज्याला साके हा माशाचा प्रकार वाटायचा. मला वाईट वाटलं, फारच वाटलं, पण मी म्हणालो, असू दे, माझ्याकडे काकांचा शेरा आहे.

हा सहकारी पहिल्या सुट्टीला घरी आला तेव्हा साहेबांनी माझ्यासाठी दिलेली पेटी घेऊन आला. आत बर्फाच्या पिशव्यांत गुंडाळलेली तीच फिकट निळी बाटली, तीच लाल पट्टी. बरोबर साहेबांच्या हातची इंग्रजी चिठ्ठी होती: कृपया फ्रीजमध्ये ठेवा. एका महिन्याच्या आत, तुमच्या घरमालकांबरोबर प्या. माझी वाट पाहू नका.

मी चिठ्ठी दोनदा वाचली. बायकोने फोनचा कॅमेरा लाल पट्टीवर धरला. दोन वर्षांत हे मला कधी सुचलं नव्हतं, कारण ज्याला माहीत असतं तो तपासत नाही. पडद्यावर अक्षरं आली: थंड जागी ठेवणे आवश्यक. प्रकाशापासून दूर ठेवा. लवकर प्या. तिने मागे वळून शोकेसमधल्या माझ्या फोकसच्या दिव्याकडे पाहिलं आणि जमिनीवर बसून हसायला लागली. मला हसू आलं नाही. साहेबांनी त्या दिवशी काय वाचलं होतं ते मला तेव्हा कळलं. भावाच्या हातची साके आपण नासवली, आणि ती त्यांनी कप रिकामा होईपर्यंत प्यायली. मला रडू येईल असं वाटलं.

रविवारी सकाळी दहाला मी दोन्ही बाटल्या आणि दोन्ही कप घेऊन खाली गेलो. काका कामावर बसले होते, उजव्या हाताला पिकदाणी. मी काही सांगितलं नाही. कपांत ओतलं आणि मांडलं. नव्या बाटलीच्या कपात निळी वर्तुळं पेनाने काढल्यासारखी निळी होती.

"तुम्ही आधी," काका म्हणाले.

मी नवी चाखली. तांदूळ धुतलेल्या पाण्याइतकी स्वच्छ, आणि मागून हलकंसं काहीतरी आलं. "नाशपाती," मी भीत भीत म्हणालो.

काकांनी ओढली, फिरवली, थुंकली. "नाशपाती आहे," म्हणाले. "या वेळी आहे." मग जरा थांबून, "आहे."

मग मी जुनी तोंडात घेतली. महिन्याभराच्या शिकवणीचं आणि त्या एका स्वच्छ घोटाचं फळ म्हणा, ती मला क्षणभरही तोंडात ठेवता येईना. मी धडपडत पिकदाणीवर वाकलो. आयुष्यात पहिल्यांदा मी एखाद्या जाणकारासारखा थुंकलो. काकांनीही चाखली, थुंकली, आणि म्हणाले, "बाजे."

"काका," मी म्हणालो, "हीच होती त्या दिवशी."

"ठाऊक आहे."

"तेव्हा तुम्ही 'आहे' म्हणालात. गिळलीत. मालकांसाठी नाही गिळलीत, काकूंसाठी नाही..."

काका कप हातात फिरवत फोटोकडे बघत राहिले.

"त्या दिवशी मी कामावर नव्हतो, वरचे," ते म्हणाले. "जेवायला आलो होतो."

वरून मोहरी तडतडल्याचा वास आला. अकराला अजून वेळ होता. काकांनी मान वर करून वास घेतला, पण बोलले काहीच नाहीत. पायाने त्यांनी पिकदाणी ढकलली. ती चाकांवरून घरंगळत भिंतीपर्यंत गेली. मग नव्या बाटलीसमोर कप दोन्ही हातांनी पुढे धरून ते म्हणाले, "घाला."